गोळी बंद, फूल चालू

बनुबाई पुणतांब्याची. म्हणजे गोदावरीच्या काठची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली, उसाच्या बांधावरून शाळेत गेलेली. अशा पोरीला तिच्या वडिलांनी नगरच्या पुढे, हिवरे बाजारच्या अलीकडे, पिंपळमाळ नावाच्या वस्तीवर दिली, तेव्हा जमलेल्या बायांनी एका हाताने हळद लावली आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसले. पिंपळमाळावर पिंपळ एकही नव्हता. माळ मात्र हवा तेवढा होता.

हिवरे बाजारच्या लोकांनी डोंगर राखला, चराई बंद केली, पाणी अडवलं, आणि सगळ्या महाराष्ट्रातून माणसं बघायला यायला लागली. पिंपळमाळाला तेवढं शहाणपण सुचलं नाही. इथल्या डोंगरावर शेळ्यांनी दिसेल ते खाल्लं, उरलं ते माणसांनी चुलीत घातलं, आणि दोघांच्या तावडीतून एकटा तरवड तेवढा सुटला.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात बनुबाई डोक्यावर हंडा घेऊन चढ चढायची आणि चढता चढता रडायची. एवढ्या लांबून पाणी आणायचं आणि डोळ्यांतून वाया घालवायचं, याचंही तिला वाईट वाटायचं. सासूने, मुक्ताबाईने, ते पाहिलं होतं. मुक्ताबाई फार बोलणारी बाई नव्हती. तिने हंडा उतरवून घेतला आणि म्हणाली, "रडू नको. आमच्या माळालाबी दिवस येत्यात. नवरातीत बघ."

आणि नवरात्रात बनुबाईने पाहिलं. पावसाळा संपता संपता अख्खा डोंगर पिवळा झाला होता. कमरेएवढी, कुठे डोक्याएवढी झुडपं, चिंचेसारखी पण जरा मोठी पानं, पानाच्या बुडाशी दोन बाजूंना दोन छोटे हिरवे कान, आणि फांदीच्या शेंड्याला पिवळ्याधमक फुलांचे झुबके. मुरमात, खडकाच्या फटीत, रस्त्याकडेच्या धुरळ्यात, जिथे म्हणून दुसरं काही उगवायला धजत नाही तिथे हा बिनदिक्कत उभा. खाली चपट्या शेंगा लोंबत होत्या, वाळल्या की कागदासारख्या वाजणाऱ्या. ना कोणी लावलेला, ना कोणी पाणी घातलेला. शेळी त्याच्याजवळून जाते, हुंगते आणि पुढे जाते.

"ह्यो तरवड," मुक्ताबाई म्हणाली. "देवीला ह्याचीच माळ लागती. तुझ्या पुनतांब्यात झेंडू आसल. आमच्यात ह्यो."

त्या वर्षी सासूने सुनेला सगळं शिकवलं. कळी अर्धी उमललेली घ्यायची, पूर्ण फुललेलं फूल दोऱ्यात ओवता ओवता गळून पडतं. पाय मुरगळला तर पाला तव्यावर मिठासंगे गरम करायचा आणि बांधायचा. तोंड आलं, हिरड्या सुजल्या तर सालीचा काढा करून चूळ भरायची. भर उन्हात वावरात जायचं तर पाला डोक्यावर ठेवून वर टॉवेल गुंडाळायचा. आणि फुलं सावलीत वाळवून ठेवायची, कुणाला लघवीची जळजळ झाली, अंगात कडकी, म्हणजे उष्णता, भरली, तर उकळून द्यायला. पूर्वी या सालीवर चामडं कमावायचे, त्यासाठी माणसं लांबून पोती घेऊन यायची, हेही सासूनेच सांगितलं. सून शिकली. हळूहळू माळावरचं तिचं रडणं थांबलं. मुक्ताबाई गेली, आणि तिची जागा बनुबाईने घेतली. वस्तीतल्या सगळ्या घटांच्या माळांना फुलं बनुबाईच्या टोपलीतून जायची. कुणाचा पाय लचकला की पोरगं धावत यायचं ते तिच्याच दारात.

आता सहादेवचं सांगतो, म्हणजे बनुबाईच्या नवऱ्याचं. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, बैलाला कधी चाबूक लावला नाही. पण तोंडातून चांगला शब्द निघायचा नाही. निघायचा नाही म्हणजे अजिबात निघायचा नाही. कालवण बिघडलं तर ताट सरकवायचा, आणि छान झालं तर एक भाकरी जास्त खायचा. कौतुक ते तेवढंच. बनुबाईने बाजरीच्या सुगीत त्याच्या बरोबरीने पात धरली, पोराला, हर्षलला, वाढवलं, सासूचं शेवटचं दुखणं काढलं. या सगळ्याला सहादेवने कधी नुसतं हुंकाराने तरी बरं म्हटलं असेल तर शपथ. बनुबाई सुरुवातीला वाट पाहायची. मग तिने वाट पाहायची सोडून दिली. बायका सोडून देतात म्हणतात, पण तसं पूर्ण काही सुटत नाही.

सहादेवला शुगर निघाली ती गावातल्या तपासणीच्या शिबिरात. तोवर तो रात्रीतून कितीदा उठतो याची चेष्टाच व्हायची घरात. हर्षल सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, तो बापाला नगरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. गोळ्या आल्या. पथ्य आलं. हर्षलची बायको अश्विनी, ती बारावी शिकलेली, तिने कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर ते पक्कं ध्यानात ठेवलं आणि सासऱ्याच्या हातावर वेळच्या वेळी ठेवायला लागली.

बनुबाईने आपल्या परीने आपलं औषध काढलं. वाळलेली तरवडाची फुलं मूठभर, पाण्यात उकळून, गाळून, सकाळी अनशापोटी. चव तुरट, पण सहादेवने तोंड वाकडं न करता प्यायला सुरुवात केली. गोळी आणि काढा, दोन्ही चालू राहिलं. भात सुटला, चहातली साखर सुटली. पुढच्या तपासणीला शुगर चांगली उतरली.

आता उतरली ती कशाने? अश्विनी म्हणाली गोळीने. डॉक्टर म्हणाले गोळीने आणि पथ्याने. सहादेव मात्र त्या दिवशी संध्याकाळी दूध घालायला डेअरीवर गेला, कॅन खाली ठेवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आमच्या हर्षलच्या आईनं मला बरं केलं. तरवडाच्या फुलानं. डाक्टरच्या बापाला जमलं नसतं."

डेअरीवर दूध घालायला आलेली रतनबाई हे ऐकून तशीच बनुबाईच्या दारात आली. "बनुआक्का, ऐकलं का, सहादेवभाऊ काय म्हनले तुमच्याबद्दल?" आणि तिने शब्दन् शब्द सांगितला. बनुबाई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपली, तेव्हा कुठे ती भानावर आली. त्या दिवशी ती करपलेली भाकरी तिनेच खाल्ली आणि तिला ती गोड लागली. एवढं मोठं वय झालेलं, घरात सून आलेली बाई, आणि नव्या नवरीसारखी स्वतःशीच हसत होती.

सहादेवला मग हा नादच लागला. ज्याने कधी बायकोचं नाव काढलं नाही, तो भेटेल त्याला तिचा महिमा सांगायला लागला. बाजारात, एसटीत, कुणाच्या दहाव्यालासुद्धा. आणि एके दिवशी त्याने पुढचं पाऊल टाकलं. डेअरीवर हात वर करून जाहीर केलं, "आपली तर बाबा गोळी बंद, फूल चालू!" लोक हसले, टाळ्या दिल्या. दुसऱ्या दिवसापासून बायका डबे घेऊन बनुबाईकडे फुलं मागायला आल्या.

डेअरीवरचं ते बोलणं अश्विनीच्या कानावर आलं, पण तिने ते थट्टेवारी नेलं; गोळी खरोखर बंद आहे हे घरात एकट्या बनुबाईला माहीत होतं. अश्विनी गोळी हातावर ठेवायची, सहादेव ती तोंडाकडे न्यायचा आणि परसात जाऊन तुळशीमागे टाकायचा. बनुबाईने पाहिलं. पहिल्याच दिवशी पाहिलं. तोंडाशी शब्द आले, "अहो, घ्या ना तेवढी, काढाबी घ्या, गोळीबी घ्या." पण सहादेवने मागे वळून पाहिलं, आणि तो हसला. आपण दोघं मिळून जगाला कसं फसवतोय, असं हसला. त्या घरात तो असा तिच्याकडे पाहून कधी हसलाच नव्हता. बनुबाईने पदराने तोंड पुसलं आणि ती झाडलोट करायला लागली. तुळशीमागच्या गोळ्या तिने खराट्याने मातीत लोटल्या.

मला या ठिकाणी बनुबाईवर रागवावंसं वाटतं आणि रागवता येत नाही. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. पण ते वाक्य बोलली असती तर फुलावरचा तिचाच विश्वास उणा पडला असता, आणि सहादेवच्या तोंडची ती गोष्ट खोटी झाली असती. एवढ्या वर्षांनी हातात आलेलं कोण असं सोडून देईल?

पुढचं नवरात्र आलं. त्यांच्या घरात घट बसायचा तो पिढ्यान् पिढ्या. शेतातली माती आणून पत्रावळीवर पसरायची, त्यात धान्य पेरायचं, मधे मातीचा घट, बाजूला अखंड दिवा, आणि वरून रोज एक माळ सोडायची. घट बसवायचा तो घरच्या कर्त्याने. आणि ज्याने बसवला त्याने घट उठेपर्यंत पायात चप्पल घालायची नाही आणि गावाची शीव ओलांडायची नाही, असा त्यांच्या घरचा नेम. सहादेवने घट बसवला, चप्पल वळचणीला टाकली, आणि त्या वर्षी तो चक्क बायकोबरोबर डोंगरावर तरवडाची फुलं तोडायला निघाला.

तो दिवस बनुबाईला अजूनही घडीघडी आठवतो. डोंगर असा फुललेला की डोळ्यांत पिवळं मावेना. सहादेव उंच फांद्या वाकवून धरत होता, ती कळ्या खुडत होती. तो म्हणाला, "आईनं तुला हे दावलं तवा मी म्हनलं हुतं, पाटाच्या पान्याची पोर, हिला काय कळायचं." ती म्हणाली, "मग कळलं का न्हाई?" तो म्हणाला, "कळलं की." एवढंच. टोपली भरली आणि ते उतरायला लागले. उतरताना ती मागे होती. पुढच्या खडकावर तिला लाल ठिपका दिसला. पुढच्या दगडावर आणखी एक.

"अहो, थांबा. पायाला काय लागलं तुमच्या?"

सहादेवने पाय उचलून पाहिला. तळव्यात बाटलीची काच रुतली होती, चांगली बोटाच्या पेराएवढी. त्याने ती उपटून फेकली आणि स्वतःच नवल केलं. "काय सांगू, कळलंसुदिक न्हाई. काय दुखत न्हाई बघ." आणि मग हसून म्हणाला, "तुझ्या फुलानं अंगच निबार केलं माझं."

ज्याला साखरेच्या आजाराची थोडी माहिती आहे त्याच्या अंगावर हे ऐकून काटा येईल. त्याच्या पायाची जाणीवच गेली होती. पण त्या दोघांना तो शुभशकुन वाटला. बनुबाई पोटातून सुखावली. घरी येऊन तिने जखम धुतली, हळद भरली, तरवडाचा पाला तव्यावर गरम करून वर घट्ट बांधला. पाला मुरगळण्यावरचा. उघड्या जखमेवर मुक्ताबाईने तो कधी बांधला नव्हता. पण त्या दिवसांत तरवडाने बरं होणार नाही असं काही नाहीच, असं बनुबाईला वाटायला लागलं होतं.

दोन-तीन माळा झाल्या आणि पाय सुजला. मग बोटं काळपट दिसायला लागली. घटापाशी उदबत्तीचा वास असायचा, त्याच्याआडून दुसरा एक वास यायला लागला. अश्विनीने नाकाला पदर लावला नाही, हा तिचा चांगुलपणा. ती सरळ म्हणाली, "दादा, आज दवाखान्यात जाऊ. मी यांना फोन करते, गाडी घेऊन येतील."

"घट बसलाय घरात," सहादेव म्हणाला. "शीव वलांडायची न्हाई. दसऱ्याला बघू."

अश्विनी सासूला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील ते. आता तुमचंच ऐकतात."

हे खरं होतं. त्या काळात सहादेवने कुणाचं ऐकलं असतं तर बनुबाईचं. तिने "उठा" म्हटलं असतं तर तो देवीला हात जोडून उठला असता. बनुबाईने पायाकडे पाहिलं. दवाखान्यात गेलं की पहिल्यांदा काय करतील, हे तिला माहीत होतं. बोटाला सुई टोचतील. शुगर काढतील. आणि मग सगळ्यांना कळेल. पुढचं तिने मनातसुद्धा पूर्ण केलं नाही.

"माळा थोड्याच ऱ्हायल्यात," ती म्हणाली. "देवीच्या दारात काय वाईट व्हायचं न्हाई. दसऱ्याला जाऊ."

दसऱ्याला सकाळी घट उठला. धान्याचं उगवलेलं हिरवं तुरे म्हणून टोपीत खोवलं, आणि त्याच टोपीनिशी सहादेवला हर्षलने गाडीत घातलं. वाटेत त्याला ताप चढला. नगरच्या दवाखान्यात फडकं सोडलं तेव्हा आतून काळा पडलेला तरवडाचा पाला निघाला. नर्सने तो चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकला. बनुबाई पाहत होती. डोंगरावर इतका हिरवा असणारा पाला तिथल्या पांढऱ्या फरशीवर कसा दिसत होता, ते तिला सांगता येत नाही.

शुगर निघाली ती मशीनच्या आकड्यात मावेना. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला खमक्या. त्यांनी सहादेवला विचारलं, "बाबा, गोळ्या चालू होत्या ना? मग कोणी बंद केल्या?"

खाटेभोवती हर्षल होता, अश्विनी होती. अश्विनीने चमकून सासऱ्याकडे पाहिलं. तिच्या हाताने तर ती रोज देत होती. बनुबाई पायथ्याशी उभी होती. तिला वाटलं आता सांगावं. मला माहीत होतं म्हणावं. तुळशीमागच्या मातीत अजून सापडतील म्हणावं. तिने तोंड उघडलं.

तिच्याआधी सहादेव बोलला. ताप अंगात होता तरी आवाज खणखणीत होता. "मीच बंद केल्या, बाई. ह्यांचा कुनाचा दोस न्हाई. ही हर्षलची आई रोज माझ्यापुढं डोकं फोडायची, गोळी घ्या म्हनून. मीच ऐकलं न्हाई हिचं. लई हट्टी हाय मी."

सगळ्यांनी बनुबाईकडे पाहिलं. हर्षलने तिच्या खांद्यावर हात ठेवला. बनुबाईचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

दुपारी दोघंच असताना तिने विचारलं. "खोटं कशापायी बोलले?"

"गप बस," सहादेव म्हणाला. "पानी दे."

तिने पाणी दिलं. तो प्यायला. पुन्हा त्या विषयावर दोघं बोलले नाहीत. पुढे पाय गुडघ्याखालून काढला. तोवर विष वर चढलं होतं. दिवाळीच्या तोंडावर, वस्तीवरच्या घरांच्या भिंती सारवल्या जात असताना, सहादेवला परत आणलं ते अँब्युलन्समधून, चादरीत गुंडाळून.

माणसं भेटायला आली. आणि प्रत्येक माणूस बनुबाईला तेच सांगत होता. हर्षलनेच सांगितलेलं असायचं ते. "आई सांगून सांगून थकली, दादांनी ऐकलं नाही." बाया तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. "तू तरी काय करनार गं माय, पुरुषाच्या हट्टापुढं." पुणतांब्याहून भाऊ आला, तोही हेच म्हणाला. बनुबाई मान खाली घालून बसायची. लोकांना वाटायचं दुःखाने. दुःख तर होतंच. पण त्याच्याखाली दुसरं होतं, आणि ते कुणाला दाखवता येत नव्हतं. नवऱ्याने जाता जाता तिच्या अंगावर चांगुलपणाचं पांघरूण घातलं होतं, आणि त्याच्याखाली तिचा जीव घुसमटत होता. कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर ती मोकळं रडली असती.

वर्ष सरत आलं. पुढचं नवरात्र आलं, तेव्हा सहादेवचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं. घरात दुःख असलं की वर्षभर सण नाही, घट नाही. म्हणून त्या वर्षी त्यांच्या घरात घट बसला नाही. आणि दुखवट्याच्या घरची फुलं देवीला कशी चालतील, म्हणून वस्तीतल्या बाया टोपल्या घेऊन परस्पर वरच्या वाटेने डोंगरावर गेल्या. दारावरून जायला नको म्हणून लांबचा फेरा घेतला, हीसुद्धा त्यांची मायाच. नवख्या पोरींनी पूर्ण उमललेली फुलं तोडली. देवळात पोचेपर्यंत माळा गळून अर्ध्या झाल्या, असं नंतर कानावर आलं. बनुबाई ओट्यावर बसून डोंगराकडे पाहत होती. तरवडाला काय, कुणाच्या घरी काय झालं याच्याशी देणंघेणं नव्हतं. तो मागच्या वर्षीइतकाच पिवळा झाला होता.

अशात एका सकाळी रतनबाई आली. ती देवीच्या फुलांना नव्हती आली. तिच्या हातात स्टीलचा डबा होता.

"बनुआक्का, वाळल्याली फुलं आसतील ना घरात? मागच्या सालची? मूठभर घाला. माझी सपली."

"तुला कशाला?"

"शुगरला की. मागं बायांसंगं आल्ते तवा तुमीच तर दिल्ती. मी उन्हाळ्यापास्नं घेती."

बनुबाई जरा सरसावून बसली. "आन गोळी?"

रतनबाई हसली. तेच हसू, डेअरीवरचं. "गोळी बंद, फूल चालू!"

अश्विनी मागे दारात सुपात बाजरी पाखडत होती. सुपाचा आवाज येत होता.

"रतन," बनुबाई म्हणाली, "आगं त्ये गेले ना. तुज्या डोळ्यांदेखत गेले."

"गेले त्ये पायानं गेले, आक्का," रतनबाई समजुतीने म्हणाली. "काच लागली, जखम चिघळली, त्येला कोन काय करनार? शुगर तर त्येंची फुलानंच उतरली हुती. त्येंनी सवता सांगितलंय डेअरीवर, मी ऐकलंय ह्या कानांनी. म्हनले, आमच्या हर्षलच्या आईनं मला बरं केलं." आणि तिला वाटलं, विधवा बाईला तेवढंच बरं वाटेल, म्हणून तिने आणखी एकदा म्हटलं, "लई मानायचे तुमाला."

बनुबाईला ते वाक्य पाठ होतं. वर्षभर सगळं दुःख सोसलं ते त्या एका वाक्याच्या आधाराने. तव्यावर भाकरी करपली तो दिवस, डोंगरावरचं "कळलं की", तुळशीमागचं ते हसू. सहादेवचं असं तिच्याजवळ उरलं होतं ते एवढंच. आणि आता तेच वाक्य डबा घेऊन दारात उभं होतं, रतनबाईला न्यायला.

"ती गोळ्यानं उतरली हुती," बनुबाई म्हणाली. "गोळीबी घेत हुते तवा, काढाबी घेत हुते. गोळी सोडली तवाच त्येंची शुगर वाढली. पाय बधिर झाला त्यो त्येच्यानंच. काच लागल्याली कळली न्हाई त्यीबी त्येच्यानंच."

"पन तुमी तर त्येंना रोज सांगत हुता की, गोळी घ्या म्हनून..."

मागे सुपाचा आवाज थांबला. बनुबाईने वळून पाहिलं. अश्विनी सूप हातात धरून उभी होती. ती ऐकते आहे हे बनुबाईने नीट पाहिलं. संध्याकाळी हर्षल घरी येईल, तेव्हा हे त्याच्या कानावर जाईल, हेही तिला कळलं. मग ती पुन्हा रतनबाईकडे वळली.

"न्हाई सांगितलं. एकदाबी न्हाई. तुळशीमागं गोळी टाकायचे, मी बघत हुते. खराट्यानं मीच मातीत लोटली. दवाखान्यात त्ये म्हनले त्ये खोटं. माझ्यासाठी बोलले."

रतनबाईच्या हातातला डबा नुसताच उघडा राहिला. अश्विनी आत गेली. आत कुठलंतरी भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला.

"घरी जा," बनुबाई म्हणाली. "गोळी घिऊन ये. माझ्यासमोर खा. मग फुलं देते. उद्याबी तसंच. रोज यायचं."

रतनबाई गेली आणि गोळ्यांची पट्टी घेऊन परत आली. बनुबाईने स्वतः उठून तांब्याभर पाणी आणलं. आत चुलीपाशी अश्विनी पाठमोरी बसली होती, तिने वर पाहिलं नाही. रतनबाईने गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली, आणि ती गिळेपर्यंत बनुबाई तिच्या गळ्याकडे बघत उभी राहिली. मग तिने कोनाड्यातली बरणी काढली आणि मूठभर वाळकी फुलं डब्यात घातली. फुलांचा पिवळा रंग वर्षात मातकट झाला होता.

डब्याचं झाकण लावता लावता रतनबाई हळूच म्हणाली, "आक्का, हे कशाला सांगत बसलात? कुनाला कळलं नसतं. सहादेवभाऊंचं डेअरीवरचं तेवढं बोलनं तरी ऱ्हायलं असतं तुमच्यापाशी."

बनुबाई ओट्यावर बसली. समोर डोंगर होता.

"उभ्या जन्मात एकदाच चांगलं बोलले माझ्याबद्दल," ती म्हणाली, "आन तेबी खरं न्हवतं, रतन."

आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच ती मोठ्याने रडली.